मेव्हण्याच्या घरचं विरजण

माझा धाकटा मेव्हणा दिसायला माझ्यापेक्षा बरा आहे, त्याचा माड माझ्या माडापेक्षा जास्त धरतो, हे सगळं मी सोसलं. पण त्याचे किडेसुद्धा माझ्या किड्यांपेक्षा सरस निघावेत, हे फार झालं.

किडे म्हणजे मायक्रोवर्म. केसाहून बारीक, पांढरे. फायटर माशाची नुकती पोहू लागलेली पिल्लं इतकी चिमुकली, की विकतचा दाणा त्यांच्या तोंडात मावत नाही. वळवळणारं काही दिसलं तरच ती खातात. म्हणून प्लास्टिकच्या डब्यात पोई, म्हणजे आपला गोव्याचा कोंड्याचा पाव, भिजवून कुस्करायची आणि वर जुन्या डब्यातलं चमचाभर लावायचं. पोई आंबते, किडे वाढून डब्याच्या कडांवर चढतात. ते बोटाने पुसून घ्यायचे आणि बोट टाकीत बुडवायचं.

कारापूरला मेव्हण्याच्या डब्याला आतून चुना काढल्यासारखे किडे. इथे डिचोलीत माझ्याकडे चार-दोन, तेही आळसावलेले. "आमच्या धाकट्याच्या हाताला गुण आहे," बायको म्हणायची. माझ्या हाताला काय आहे, ते तिने कधी सांगितलं नाही. त्याच्यावर कडी करायची म्हणून मी पोईवर पोई घालत गेलो. शेवटी झाकण उघडलं तर हिरवी बुरशी, आणि असा वास, की शेजारणीने खिडकी लावून घेतली. किडे संपले. नेमकी तेव्हाच टाकीत पिल्लं पोहू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांतली काही तळाशी जाऊन बसली, तेव्हा मी मान खाली घालून स्कूटर काढली.

पोचलो तर सासूबाई तुळशीपाशी दिवा लावून आत येत होत्या. मेव्हणा भला माणूस (हेही मला खुपतं). त्याने लगेच डबा उघडून चमचा घातला. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"दिवो लावन झालो. आता विरजाण घराभायेर जावचा नाय."

"आई, विरजण कुठलं? किडे आहेत ते!" मी म्हणालो.

"आंबता मां?"

"आंबतं."

"चमचाभर लावल्यार दुसऱ्या डब्यात वाढता मां?"

"वाढतं."

"मगे? सकाळी न्हेवा, जावयबापू."

लेकाच्या घरची बरकत त्यांना किड्यांसकट राखायची होती. सकाळपर्यंत माझी पिल्लं राहतील याचा मला भरवसा नव्हता. मेव्हणाच हसून म्हणाला, "भावोजी, विरजण बाहेर जात नाही तर दूध आत आणा की!"

पुन्हा डिचोली, पुन्हा कारापूर. मागे बायको, तिच्या मांडीवर डब्यात पिल्लं. "हळू! खड्डा आहे!" इतक्या वर्षांत माझ्या पाठदुखीसाठी ती असं कधी ओरडली नव्हती.

मेव्हण्याने बोट बुडवलं. पिल्लं तुटून पडली. बघता बघता त्यांची पोटं पांढरी झाली.

सकाळी विरजण मिळालं, पण बायको म्हणाली, "आता लगेच हलवू नका बिचाऱ्यांना." पिल्लं तिथेच राहिली, तिथेच वाढली. येणारा-जाणारा टाकी बघून मेव्हण्याला शाबासकी देतो. गेल्या रविवारी बायको काचेला नाक लावून म्हणाली, "मामाकडे येऊन कशी गुटगुटीत झालीत बघा!"

"घरी कधी न्यायची?" मी विचारलं.

"ऱ्हवांदेत. हंय बरी खातत," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी काचेवर बोट टेकवलं. पिल्लं जवळ आली, बोटाला काही नाही हे त्यांनी पाहिलं, आणि वळून मेव्हण्याच्या बाजूला गेली.