नागोजीराव आणि दुसरी बॅटरी

नागोजीराव चपलांचे दोन जोड एकाआड एक दिवस वापरायचे. दातही एक दिवस उजव्या हाताने घासायचे, एक दिवस डाव्या. विचारलं की म्हणायचे, "एकालाच दमवू नये, सर." त्यांचे आजोबा म्हैसूरला कापड रंगवायचे, नागोजीरावांनी आयुष्यभर विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. म्हैसूरच्याच कुवेंपुनगरात ते आमचे शेजारी; घरची भाषा मराठी, पण बोलताना मध्ये कन्नड शब्द यायचे. मी पुण्याहून आलेला, जवळच्या बेळगोळच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. त्यांच्या या तऱ्हांना मी मनातल्या मनात हसायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या दुपारी, ते हसू पार आटलं. माझे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळलेले होते. गिळता येत नव्हतं. घशात साठलेला कफ छोट्या पंपाच्या मशीनने ओढून काढावा लागे. त्या दिवशी वीज एकदम जास्त दाबाने आली आणि इन्व्हर्टर व मशीनचा अडॅप्टर, दोन्ही जळाले. दुकानं बंद, ॲम्ब्युलन्स दसऱ्याच्या गर्दीत अडकलेली. अण्णांच्या घशात घरघर, ओठ निळसर. माझी बायको सुनीता त्यांना कुशीवर धरून सिरिंजने कफ काढू पाहत होती. तो निघत नव्हता.

पंपाला हवे होते बारा व्होल्ट. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या जोडून होते चोवीस. मी कागदावर हिशेब मांडला, व्होल्ट कमी करायला इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल तोडून मध्ये लावली. मोटार नुसती गुणगुणली, फिरली नाही. सुरू होताना ती जास्त करंट ओढते, आणि माझी कॉइल तो जाऊ देत नव्हती. हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी पुढचं काही सुचेना.

"अहो, काहीतरी करा," सुनीता म्हणाली. "ते चाललेत."

मी कुंपणावरून नागोजीरावांना हाक मारली. त्यांची हत्यारं पूजेत मांडलेली. त्या दिवशी हत्यारांना कुणी कामाला लावत नाही. कुंकू लावलेली पक्कड तशीच उचलून ते आले.

"सुम्ने, उगाच कमी करत कशाला बसलात, सर? नोडी, हे बघा, एक बॅटरी म्हणजे बाराच की."

त्यांनी माझी कॉइल काढून टाकली, दोन बॅटऱ्यांमधली जोड सोडवली आणि पंपाच्या दोन्ही क्लिपा एकाच बॅटरीला लावल्या. मोटार फिरली. सुनीताने पंपाची नळी अण्णांच्या घशात घालून कफ ओढून काढला. थोड्या वेळाने अण्णांनी मोठा श्वास घेतला.

दुसऱ्या सकाळी नागोजीराव क्लिपा दुसऱ्या बॅटरीला लावायला आले. मी मीटर घेऊन बॅटरीपाशीच होतो. त्यांनी खोलीत डोकावलं. सुनीता, त्यांची 'अक्का', कालच्याच साडीत, नळी हातात धरून बसली होती.

"बॅटरी बदलली, सर," ते हळूच म्हणाले. "अक्काला केव्हा बदलणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांच्या आजारपणाच्या आठ महिन्यांत मी त्या नळीला हात लावला नव्हता. अण्णांचा तो गुदमरलेला चेहरा बघवत नसे, म्हणून मी औषधं आणायचो, मशीन पुसायचो. त्या दिवशी नळी हातात घेतली. पुढे अण्णा जाईपर्यंत नागोजीराव रोज कुंपणावरून विचारायचे, "आज पाळी कुणाची?"

मागच्या वर्षी ते स्वतः अंथरुणाला लागले. त्यांच्या बायकोच्या मदतीला सुनीता आणि मी आळीपाळीने बसायचो. शेवटच्या दुपारी त्यांनी अर्धवट डोळे उघडले.

"पाळी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"हौदा? असं का? मग अक्का जरा आडवी झाली असेल की," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.