टिकलीखालचा डाग

आधी नुसती खाज यायची. टिकली काढली की तिच्याएवढीच लाल खूण दिसायची आणि सकाळपर्यंत जायची. मी टिकल्यांचं पाकीट बदललं, तरी खाज राहिलीच. मग एकदा तोंड धुऊन आरशात बघितलं तर खूण पांढरी झाली होती.

कोड, हाच शब्द मनात आला. मुलीसाठी तेव्हा स्थळं बघत होतो. आईच्या कपाळावर पांढरा डाग बघितल्यावर पुढचं बोलणं कोण करणार? मी कोणाला सांगितलं नाही. डाग झाकेल अशी मोठी टिकली आणली. डाग वाढला, तशी त्याहून मोठी. लासलगावहून माझी मोठी जाऊ आली तेव्हा म्हणाली, "काय गं, टिकली लय मोठी व्हायला लागली तुझी. भाऊजींचा पगार वाढला का?" मीही हसले आणि पोळ्या लाटत राहिले.

शेवटी मुलीनेच बघितलं. मी न्हाऊन आले आणि टिकली लावायच्या आत ती समोर उभी. मी पदर पुढे ओढला, पण तिने तो बाजूला केला. ह्यांनी अंबडच्या कंपनीत सुट्टी टाकली आणि आम्ही गंगापूर रोडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कपाळाला लावायचं सगळं सामान आणायला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून टिकल्यांची पाकिटं, कुंकवाची डबी आणि तेलाची बाटली पिशवीत घेतली होती.

बाईंनी खोलीत अंधार करून निळा दिवा कपाळावर धरला. "डाग बरोबर टिकलीसारखा गोल आहे, अंगावर दुसरीकडे कुठे नाही. मला गोंदाचा संशय येतोय. पण तपासून सांगते."

ह्यांनी विचारलं, "हातावर सुया टोचतात तीच तपासणी ना? आमच्या एका कामगाराची केली होती."

"ती धुळीची, खाण्याची. ती ऍलर्जी लगेच उठते, गांधी येतात. अंगाला लागून होणारी उशिरा कळते. तिला पाठीवर पट्ट्या लावाव्या लागतात."

पाठ उघडी करायची म्हटल्यावर मी अवघडले. बाईंनी ह्यांना बाहेर बसवलं. पट्ट्यांखाली टिकलीचा तुकडा, कुंकू, तेल असं थोडं थोडं ठेवलं. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा बघितलं आणि मग पुन्हा बोलावलं. टिकलीच्या जागी लाल फोड उठले होते, बाकी पाठ साफ होती.

"कोड नाही," बाई म्हणाल्या. "गोंदातल्या रसायनाने रंग गेलाय. टिकली मोठी केलीत तसा गोंदही जास्त लागला. आता टिकली कायमची बंद. हे मलम लावा, उन्हात कपाळ झाका. रंग भरायला काही महिने लागतील, सगळा भरेलच असं नाही. आणि कोड असतं तरी ते कोणाला लागत नसतं."

पंधरवड्यात पाहुणे मुलगी बघायला आले. जाऊ आदल्या दिवशीच आली होती. ती म्हणाली, "मोकळ्या कपाळानं पुढं बसू नको. चहा मी देते. विचारलं तर सांगू, डोकं दुखतंय." मला ते पटलंच होतं, आत बसायची मला सवय आहे. पण मुलगी म्हणाली, "आई बाहेर नसेल तर मीही येणार नाही."

मी बाहेर बसले. मुलाच्या आईने माझ्या कपाळाकडे बघितलं, नजर वळवली, पुन्हा बघितलं. विचारलं मात्र नाही. ते मला सोसेना.

"टिकलीच्या गोंदाची ऍलर्जी आहे मला," मी म्हणाले. "कोड नाही. पाठीवर पट्ट्या लावून तपासलंय." आवाज जरा मोठाच आला. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगंबाई! मला खोटे कानातले चालत नाहीत, लगेच कान चिघळतात," मुलाची आई म्हणाली. "मग कुंकू चालतं का?"

"कुंकवाचं काही निघालं नाही. पण डाग भरेपर्यंत कपाळाला मलमाशिवाय काहीच लावायचं नाही."

निघताना मी तिला हळदीकुंकू लावलं. तिने करंड्यात बोट बुडवलं, माझ्या कपाळापर्यंत नेलं आणि थांबली. मग ते कुंकू माझ्या मंगळसूत्राच्या वाटीला टेकवलं.

"आता तुम्ही या आमच्याकडे," ती म्हणाली. "घर बघायला."

जाऊ दारातून माझ्याकडे बघत होती. मी मुलाच्या आईला मान डोलावून म्हटलं, "येतो."