डावरीनं गुंडाळलेली तार

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बाजेच्या दोऱ्या आवळायचं. बाज झोळीसारखी झाली होती आणि माझी कंबर धरत होती. संध्याकाळी दारातच ती एका बाजूला बसली, मी समोर. मी उजव्या हातानं ओढायचो, ती डाव्या. समोरासमोर बसल्यावर आमचे दोघांचे हात एकाच बाजूला यायचे, आरशापुढं बसल्यासारखे. "अवं, ओढा की जरा. का जेवला न्हाय?" ती म्हणाली. दोरी ताठ झाली तसं तिनं वर बसून बघितलं, "आता न्हाय धरायची कंबर," म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली. पहाटे मी हाक मारली तर ती उठली नाही.

लासुर्ण्यात तिला सगळे डावरी म्हणत. तिचं नाव पाव्हण्यांना ठाऊक नव्हतं, पण डावरी म्हटलं की पोरगंसुद्धा आमचं घर दाखवायचं. तिच्या डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, पिंपळपानाएवढा डाग होता. लहानपणी तिच्या आजीनं तापलेलं उलथनं टेकवलेलं. का, तर पोरगी डाव्या हातानं जेवते. मी लग्नात पहिल्यांदा तो डाग बघितला तेव्हा मला वाटलं भाजलं असेल चुलीला. नंतर कळलं. तेव्हापासून मला त्या म्हातारीची शिसारी आहे, ती मरून किती वर्षं झाली तरी. पाच वर्षांच्या पोरीला डाग द्यायचा आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा, ही असली माणसं.

डाग देऊन उपयोग काही झाला नाही. ती खुरपं डाव्यानं धरायची, ज्वारीची कणसं डाव्यानं मोडायची, विळीवर उलट्या बाजूनं बसायची. उजवा हात तिनं फक्त लोकांसाठी ठेवला होता. हळदी-कुंकू लावायचं, प्रसाद द्यायचा, पाव्हण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा, एवढंच. आणि तो हात बिचारा कधी सवयीचा झालाच नाही. कुंकू लावताना थरथरायचा आणि कुंकू भुवईवर उतरायचं. माझी थोरली बहीण, आक्का, बायकांत हसून म्हणायची, "हिला कुकू लावाय सांगू नगा गं, डोळा फोडंल." आम्हाला लेकरू झालं नाही, त्याचा ठपकासुद्धा आक्कानं त्याच हातावर ठेवला. डावरी घरी आल्यावर मला म्हणायची, "एकदा कुणीतरी ह्या हातातनं घेतलं पायजे. तोंड वाकडं न करता. मग मी गप मरीन." तिला जगात एवढंच पाहिजे होतं. साडी नको, बोरमाळ नको.

मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये शिपाई होतो. शिक्षण सातवी. सकाळच्या एसटीनं जायचं, काचा पुसायच्या, पोरांनी मोडलेलं साहेबांच्या नजरेला पडायच्या आत जोडायचं. नव्वद सालानंतरची गोष्ट, तिथं एक तरुण वयाचे सर आले. आले तेच एक वेड घेऊन. निसर्गाला डावं-उजवं कळतं का, हे त्यांना बारामतीत बसून मोजायचं होतं.

सरांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. काही धातू आपोआप झिजतात आणि झिजताना बारीक कण बाहेर फेकतात. कण जाताना भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत जातो, डावा तरी किंवा उजवा तरी. पूर्वीच्या शहाण्या लोकांचं म्हणणं असं, की निसर्गाला दोन्ही सारखं. एखादी गोष्ट घडत असेल तर तिची आरशातली गोष्टसुद्धा तितकीच घडणार. मग परदेशात कुणीतरी कोबाल्ट नावाचा धातू भयंकर गार करून चुंबकात ठेवला आणि कण कुठं जातात ते बघितलं. ते दोन्हीकडं सारखे जाईनात, एकाच अंगाला जास्त. मोठमोठ्यांना ते पटलं नाही. पुन्हा करून बघितलं, दुसऱ्या कणांवर करून बघितलं, पण आरसा काही जुळेना. ह्या झिजण्यातनं निघणारा कण डावाच फिरत निघतो. का, ते सरांनाही माहीत नव्हतं.

आमच्या लॅबमध्ये गार करायची सोय कसली, पंखासुद्धा धड नव्हता. म्हणून सरांनी सोपी वाट काढली. शिशाच्या डबीत कण सोडणारा एक तुकडा. कण शिशावर आपटले की क्ष-किरण निघतात आणि कणांचं फिरणं त्या किरणांत उतरतं. डबीच्या वर लोखंडाचा जाड गाभा, त्याच्याभोवती तांब्याची तार. तारेत वीज सोडली की लोखंडाचं चुंबक होतं, वीज उलटी केली की चुंबकाची तोंडं उलटी. लोखंडातनं पार झालेले किरण वरच्या यंत्रात मोजायचे. चुंबक फिरवल्यावर किरण कमी-जास्त झाले, तर निसर्गाला डावं-उजवं कळतं. फरक इतका बारीक, की दिवसभर मोजल्याशिवाय दिसायचा नाही. बटण सुलटं, बटण उलटं. ते काम माझं.

तार गुंडाळायचं कामही माझ्याकडंच आलं. एमआयडीसीजवळचा पंपाच्या मोटारींत तार भरणारा कारागीर आज-उद्या करत राहिला, म्हणून मी गाभा आणि तार पिशवीत घालून घरी आणली. माझी तार एकीवर एक चढायची. डावरीनं थोडा वेळ बघितलं आणि गाभा माझ्या मांडीवरनं उचलला. "आणा हिकडं. असल्या गुंडाळण्यावर तुमचं सर काय मोजत्याल." तिनं शेजारी शेजारी, केसाएवढी फट न ठेवता, थरावर थर अशी तार चढवली. सुरुवातीच्या टोकाला सरांनी सांगितल्याप्रमाणे मी लाल दोरा बांधला आणि वरनं कापडी पट्टी गुंडाळली. सर खूश झाले. म्हणाले, मशीननं भरल्यासारखी झाली.

मोजणी चालू झाली. फरक आला. सरांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी पडला. फरक होता, पण उलटा. जिथं जास्त यायला पाहिजे तिथं कमी. सगळ्या जगात कण डावा आणि आमच्या लॅबमध्ये उजवा. सरांनी यंत्र उघडलं, शिसं तपासलं, मला घरी पाठवून स्वतः मोजत बसले. तरी उलटंच. विद्यापीठाची माणसं प्रयोग बघायला यायची होती. आमचे विभागप्रमुख दारात उभे राहून म्हणाले, "काय हो, बारामतीत निसर्ग उजवा झाला वाटतं?" आणि खो खो हसले. ते हसणं चिखलातनं पाय उपसल्यासारखं यायचं. मग त्यांनी मला विचारलं, तार कुणी भरली. मी सांगितलं, बायकोनं. "डावरी ना ती तुमची?" गावच्या पोरांकडनं त्यांच्या कानावर आलं होतं; त्यांनी नाक मुरडलं. "शास्त्राच्या वस्तूला असले हात लावू देता?" हा माणूस फिजिक्स शिकवायचा. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

पण सर ते ऐकून खुर्चीवरनं उठले. "त्या डावऱ्या आहेत?" त्यांनी विचारलं. माझ्याबरोबर तसेच एसटीत बसले आणि लासुर्ण्याला आले. दारात सर बघून डावरीनं हात पदराखाली घेतला. तिला वाटलं, बोलणी खायची आहेत.

"मावशी, तार कशी गुंडाळली ते जरा करून दाखवता?"

तिनं मुसळ आडवं मांडीवर घेतलं, सुतळी घेतली आणि भीत भीत दोन-चार वेढे दिले. सर वाकून बघत होते. त्यांनी खिशातनं होकायंत्र काढलं, परत खिशात घातलं आणि हसायला लागले.

"चुकलं का वो, सर?"

"तुमचं नाही, माझं. उजव्या हाताचा माणूस भरतो त्याच्या बरोबर उलटे वेढे आहेत हे. वरनं पट्टी, त्यामुळं दिसेनात. लाल दोऱ्याकडनं वीज सोडली की चुंबकाचं तोंड मी समजत होतो त्याच्या उलटं. होकायंत्र लावून बघा म्हणून मी पोरांना ओरडतो आणि मीच नाही लावलं. सगळे उजवेच असतात असं धरून चाललो."

मग ओसरीवर बसून त्यांनी तिला सगळा प्रयोग सांगितला. कोबाल्ट, आरसा, सगळं. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी त्यो कण डावरा."

"तसं म्हणतात. पण मावशी, ते फिरण्याचं आहे. माणसाच्या हाताशी त्याचा काही संबंध नाही."

"नसू द्या. पर त्याला कुणी चटका दिला न्हाय न्हवं?"

सरांनी तिच्या मनगटाकडं बघितलं. तिनं तो डाग झाकला नाही.

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी बघत होतो. कप तिच्या डाव्या हातात होता. विसरून आला होता की मुद्दाम, मला आजही सांगता येत नाही. सरांनी तो घेतला, बशीत ओतला, फुंकर मारून प्याले आणि म्हणाले, "साखर थोडी जास्त आहे मावशी." तक्रार केली. पाव्हण्यासारखी नव्हे, घरातल्यासारखी. सर गेल्यावर ती उशिरापर्यंत भांडी घासत होती, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी सरांनी तारेच्या दोन टोकांची अदलाबदल केली आणि निसर्ग पुन्हा डावा झाला. विद्यापीठाच्या माणसांपुढं त्यांनी लपवलं काही नाही. वेटोळं कुणी भरलं, कसं भरलं, आपण कुठं चुकलो, सगळं सांगितलं. डावरीला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती नवं लुगडं नेसून भिंतीला उभी. पाव्हण्यांनी तिला नमस्कार केला, ते प्रमुखांना पचलं नाही. चहाची वेळ झाली; चहा तिनंच केला होता. शिपाई मी, पण प्रमुख तिलाच म्हणाले, "बाई, तेवढा चहा द्या. उजव्या हातानं द्या, मोठी माणसं आहेत."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"सायेब, हात गलिच्छ आसंल तर चहा बी गलिच्छच हाय. आलं ह्याच हातानं ठेचलंय."

सरांनी उठून आपला कप आपण घेतला, मग पाव्हण्यांनी घेतला. प्रमुखांचा कप गार होऊन साय धरेपर्यंत तिथंच होता. तो मी संध्याकाळी धुतला.

सर पुढं वर्षभरात दुसरीकडं गेले. ते गेल्यावर प्रमुखांनी सगळी मांडणी सोडवली, तार भंगारात घातली. मीही पुढं नोकरीतनं निवृत्त झालो. पण डावरी बदलली ती बदललीच. उजवा हात लोकांसाठी ठेवायचं तिनं बंद केलं. हळदी-कुंकवाला डाव्या हातानं कुंकू लावायची आणि ते बरोबर कपाळाच्या मधोमध बसायचं. बायका मागं सरायच्या. "नगं तर नगं," म्हणायची आणि पुढच्या बाईकडं जायची. बोलावणी कमी झाली. आक्का तर हळदी-कुंकवाला आमच्या दारात यायची बंद झाली. डावरीनं एकदा मला विचारलं, "तुमाला लाज वाटती का वो माझी?" मी म्हणालो, "मला त्यांची किळस येती." ती म्हणाली, "मग झालं."

आणि परवा ती गेली. मसणात माझ्या खांद्यावर मडकं दिलं आणि भावकीतले तात्या म्हणाले, "उलटं फिरायचं, डावीकडनं. हितं सगळं डावं आसतंय." सरणाभोवती मी डावीकडनं फिरलो. सगळे हात जोडून उभे. जन्मभर त्या बाईला उजवं कर, उजवं कर म्हणून पिळली, डागली, आणि तिला जाळायची वेळ आली तेव्हा ह्यांना डावं चालतं. शास्त्र म्हणे. बारामतीच्या लॅबमधलं शास्त्र निदान मोजून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी ओसरीवर येऊन बसली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारनं चहा येतो. मी स्टोव्ह पेटवला. आक्का ओसरीवरनं म्हणाली, "आरं, काय करतुयास ह्ये?"

"चहा."

"सुतक हाय, बाबा."

मी आलं ठेचलं, चहा उकळला, कप भरले आणि ओसरीवर आणून एकेकाच्या पुढं धरले, डाव्या हातानं. मला सवय नाही. बशी वाजत होती, दोघांच्या धोतरावर सांडला. तात्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घेतला. बाकीच्यांनी तात्यांकडं बघून घेतला. आक्काजवळ आलो तर तिनं हात पुढं केला नाही.

"उजव्यानं दे की रं. एवढं कळंना व्हय तुला?"

"ह्याच हातानं मिळंल."

तिनं पदर पुढं केला, पदरानं कप धरायला, हाताला हात लागू नये म्हणून. मी कप मागं घेतला, तिच्या देखत ओसरीलगतच्या मोरीत ओतला, आणि पुढच्या माणसासाठी दुसरा भरायला आत गेलो.