माईकवर वाचलेली चलानं

मी लग्नात माईकवर बोलतो. पाहुण्यांचं स्वागत, मामांना हाका, पंगतीचा पुकारा आणि शेवटी आहेर वाचणं. केनवडपासून वाशिमपर्यंत लोक मला चेहऱ्याने नाही, भोंग्यातल्या आवाजाने ओळखतात. साडूने घाव घातला तो नेमका या आवाजावर.

माझी जुनी मोटरसायकल त्याने विकत घेतली. तो शिरपूर जैनचा, सासरवाडीतला थोरला जावई, लोड-तक्क्याशिवाय न बसणारा. हँडलला कुंकू लावलं, नारळ फोडला, चहा झाला. मी म्हणालो, "साडूभाऊ, वाशिमला जाऊन गाडी तुमच्या नावावर करून टाकू."

त्याने असं तोंड केलं, जणू मी त्याच्या ताटातल्या पोळ्या मोजल्या. "पाहुण्या-पाहुण्यात कागद कायले? भरोसा नाही का आमच्यावर?"

या वाक्यापुढे आमच्याकडचा माणूस गार पडतो. मीही पडलो. गाडी गेली, कागदावर नाव माझंच राहिलं.

मग माझ्या मोबाइलवर चलानं यायला लागली. पोलिसाने काढलेल्या फोटोसकट. एकात साडू हेल्मेटविना. एकात कानाला मोबाइल. एकात मध्ये बकरी आणि मागे बकरीचा मालक. मी फोन लावला.

"साडूभाऊ, तुमचं चलान आलं."

"फोटो कसा आला?"

"बकरी चांगली आली."

"मंग भरू नका! कोणी भरते का? सरकार का घरी येऊन राह्यलं?"

लोकअदालतीची नोटीस आली, ती त्याच्याकडे नेली. कोर्टाचं समन्स आलं, तेही नेलं. "वकील वळखीचा आहे, मिटवतो," म्हणत त्याने ते टीव्हीखाली सरकवलं. मी मूर्खासारखा तारखेला घरी बसलो.

पुढे जऊळक्याच्या एका लग्नात मी नवरदेवाच्या मामांना हाका मारत होतो, तेवढ्यात एक हवालदार स्टेजजवळ आला. माणूस सभ्य होता, अगदी हळू बोलला. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे, भाऊ. चला." पण माझ्या हातातला माईक चालू होता. चार भोंग्यांनी ते अख्ख्या गावाला ऐकवलं. नवरीनेसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं.

वॉरंट जामीनपात्र होतं, म्हणून मुचलका लिहून सुटलो. कोर्टात उभा राहिलो.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या, साहेब."

"चालवतं कोण?"

"साडू."

"विकल्याचा कागद?"

"नारळ फोडला होता, साहेब."

न्यायाधीश हसले नाहीत. "नारळ रेकॉर्डवर येत नाही," म्हणाले आणि दंड सांगितला. मी भरला. बाहेर कारकुनाने समजावलं, "आजही आले नसते तर बिनजमानती वॉरंट निघालं असतं. अन् दंड नाही भरला का सिद्धे आत."

आत गेलो नाही, पण गावात माझं नाव पडलं: वॉरंटवाला. ठरलेली दोन लग्नं हातची गेली. आणि मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आलं तेव्हा तो माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी, माईकसाठी वाशिमचा माणूस सांगू का? लोक बोलून राह्यले." घरच्या लग्नातला माईक गेला असता तर बाहेर मला कोण विचारणार होतं? बायकोने भावाचे पाय धरायचेच बाकी ठेवले, तेव्हा मला माईक मिळाला.

लग्न लागलं, आहेर सुरू झाले. साडू पहिल्या सोफ्यावर, गुलाबी फेट्यात. मी चष्मा लावला आणि खिशातून चलानांचे छापील कागद काढले.

"थोरल्या जावयांकडून धाकट्या जावयाला, म्हणजे मला, खास आहेर! शिरपूर फाटा, हेल्मेट नाही, एक! मालेगाव नाका, कानाला मोबाइल, दोन! रिसोड रोड, बकरीसह तिघे स्वार, तीन!"

मांडव हसून फुटला. बायकांकडून कुणीतरी ओरडलं, "बकरीले टोपी होती का?"

साडू उठला. "साडूभाऊ, हे काय करून राह्यले?"

"आहेर वाचून राह्यलो. अजून चार आहेत. बसा."

तेवढ्यात सासरे खुर्चीतून उठले. जपून बोलणारा, सगळ्या भावकीने मान द्यावा असा माणूस. मी लगबगीने जाऊन माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"थोरले जवाई, गाडी तुमीच चालवता ना?"

"हो, पण मामाजी..."

"मंग वॉरंट तुमचं होतं. या माणसाच्या नावावर काहून फिरवलं?"

चारही भोंगे चालू होते. मी आवाज आधीच वाढवून ठेवला होता.

साडू जेवायला थांबला नाही. आठवड्याच्या आत तो वाशिमच्या आरटीओत माझ्या शेजारी बाकावर बसला होता. उरलेली चलानं भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, ती त्यानेच भरली. मी मात्र त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्या मांडवातूनच दोन घरांनी मला पुढच्या तारखा दिल्या. वॉरंटवाला म्हणणं बंद झालं.

मेव्हणी अजून आमच्या उंबऱ्याला शिवत नाही. बायको बहिणीचा फोन येईल म्हणून वाट पाहते, येत नाही. परवा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "त्याले बाजूले नेऊन सांगता आलं नसतं का?"

"आलं असतं," मी म्हणालो. "मले नेलं होतं का कोणी बाजूले?"

तिने भाकरी उलटली आणि माझ्या ताटात जरा करपलेली वाढली. मी ती चवीने खाल्ली.