झाकणाच्या आतल्या तारखा

गल्लीच्या वळणावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन इमारतींनी मन मोठं करून सोडलेली फट. आत एक माणूस, एक स्टूल आणि भिंतीवर एकोणीस घड्याळं. प्रत्येकाचं मत वेगळं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसतो. काम नसलं तरी लावतो. भिंगातून रिकामं टेबलही भरल्यासारखं दिसतं.

त्याचा मेहुणा एका गोदामात साहेब आहे. एकदा जेवायला आला आणि घास तोंडात असतानाच म्हणाला, "दाजी, लोक आता वेळ मोबाइलमध्ये बघतात. तुम्ही काय बघता?"

"वाट."

"त्यापेक्षा माझ्या गोदामात या. दारात बसायचं, आल्यागेल्याची नोंद करायची."

घड्याळजीचं डोकं फिरलं. "ज्या दिवशी एकही गिऱ्हाईक येणार नाही, त्या दिवशी शटर ओढतो. कायमचं. मग येतो तुझ्या दारात."

बोलून गेला तो, पण धसका घेतला बायकोने. गोदामात हा चार दिवस टिकणार नाही, मग घरीच बसणार. मागे आजारपणात तो आठ दिवस घरी होता. तेवढ्यात त्याने डबे उंचीप्रमाणे लावले, दारांच्या बिजागऱ्या खोलल्या आणि भाजी चिरायला तिला किती मिनिटं जास्त लागतात तेही सांगितलं.

त्यानंतर दुकानात एकही दिवस कोरडा गेला नाही. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही, की चारच्या सुमारास कुणीतरी एक हिरवं गजराचं घड्याळ घेऊन यायचं. कधी वरच्या मजल्यावरच्या मावशी, कधी इस्त्रीवाला. "बंद पडलंय," एवढं म्हणायचे आणि छताकडे बघत राहायचे. घड्याळ बायकोने जुन्या बाजारातून गुपचूप आणलं होतं आणि दर वेळी तेच बिघडवून ती पाठवायची.

तिला एकच गोष्ट माहीत नव्हती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर घड्याळजी आतून सुईने तारीख कोरतो. उस्तादाची शिकवण. दुसऱ्या खेपेला झाकण उघडलं तेव्हाच त्याला स्वतःचं अक्षर भेटलं. तिसऱ्या खेपेला चाकात कणीक निघाली. पाचव्या खेपेला एक लांब केस, अर्धा पांढरा. तो त्याने चिमट्याने अलगद सोडवला, बराच वेळ उजेडात धरला आणि पुढची तारीख कोरली.

मग एका मंगळवारी सहा वाजून गेले तरी कुणी आलं नाही. आला तो मेहुणा.

"साडेसहा झाले, दाजी."

"कुठल्या घड्याळात?"

"शटर मी ओढू का तुम्ही ओढता?"

तेवढ्यात धापा टाकत बायको आली. मावशी लेकीकडे गेलेल्या, इस्त्रीवाल्याला ताप. हातात हिरवं घड्याळ.

"ताई, तू इथे?"

"मी गिऱ्हाईक आहे."

"घरच्या माणसाला गिऱ्हाईक धरत नाहीत."

"कसलं घरचं? मान तरी वर करतात का बघ."

घड्याळजीने मान वर केली नाही. "काय तक्रार आहे?"

"सारखं बंद पडतं. कुणी धड दुरुस्तच करत नाही मेलं."

त्याने झाकण काढून तिच्यासमोर धरलं. आत तारखाच तारखा, मुंग्यांच्या रांगेसारख्या. ती वाचत गेली आणि तिचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्हाला..."

"दुसऱ्या खेपेपासून."

"आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"गिऱ्हाईक कशाला तोडा?" त्याने झाकण फिरवून पाहिलं. "कडेला अजून जागा आहे थोडी. उद्या या."

"उद्या?" मेहुणा उसळला. "आजचा शेवटचा दिवस ना?"

"घड्याळ ठेवून घेतलंय. परत द्यायला दुकान उघडावंच लागेल."

मेहुणा पाय आपटत निघून गेला. बायको पायरी उतरली, थांबली आणि मागे वळून म्हणाली, "अहो, आज मी काही घातलेलं नाही हं त्यात. आज ते खरंच बंद पडलंय."

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. बिघाड कुठे आहे, हे कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला ठाऊक नव्हतं. तो खुशीत टेबलावर वाकला.