डाव्या कानातलं ‘घेऊ का?’

लालबागच्या चाळीत ऐन गणपतीत जन्मलेल्या मुलाचं नाव चिंतामणी ठेवलं, यात काही नवल नाही. नवल हे, की या चिंतामणीइतकी चिंता करणारा माणूस अख्ख्या चाळीत दुसरा नव्हता. वय तेवीस, परळच्या एका विमा कंपनीत नोकरी, आणि चिंता सगळ्या गाण्यांच्या. आवडत्या बँडचा ढोलकीवाला सोडून गेला तर? नवा अल्बम जुन्याच्या तोडीचा निघाला नाही तर? घरचे लोक त्याच्या लग्नाची काळजी करायचे, आणि हा ‘पाणीपट्टी’ची.

‘पाणीपट्टी’ म्हणजे गिरगावातल्या चार पोरांचा बँड. मराठी गाणी, गिटार, ढोलकी, आणि गायकाचा किंचित बसलेला आवाज. त्यांचा पहिला अल्बम ‘गच्चीची किल्ली’ खरोखरच एका बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी रेकॉर्ड केलेला. चिंतामणीकडे एक फुलस्केप वही होती. तिच्यात आवडत्या अल्बमांचे नंबर लावलेले असत आणि दर महिन्याला ते खालीवर होत. एक नंबर मात्र चार वर्षं हलला नव्हता. ‘गच्चीची किल्ली’चा, आणि तोही त्यातल्या तिसऱ्या गाण्यामुळे. ते सुरू व्हायच्या आधी गायक हळूच विचारतो, ‘घेऊ का?’ हे ‘घेऊ का’ फक्त डाव्या कानात येतं. चुकून राहून गेलेलं असणार, पण त्यांनी ते काढलं नाही, आणि बरं झालं काढलं नाही. पुढे कार्यक्रमातही रीतच पडली. तिसऱ्या गाण्याआधी गायक विचारणार, ‘घेऊ का?’ आणि समोरची सगळी जनता ओरडणार, ‘घे!’

चिंतामणीने त्यांचे अकरा कार्यक्रम पाहिले होते. पहिला गिरगावातल्या एका हॉलमध्ये, जेमतेम चाळीस माणसांत. माटुंग्याच्या कॉलेजात लाइट गेले तेव्हा त्यांनी माइकशिवाय तीन गाणी म्हटली, तोही त्याने पाहिला होता आणि त्याबद्दल तो कोणालाही, न विचारता, वीस मिनिटं सांगू शकत असे. त्याची उभं राहायची जागा ठरलेली. स्टेजच्या डावीकडे, स्पीकरच्या अगदी पुढ्यात, एक हात स्पीकरवर. ढोलकीची थाप बरगड्यांत जाणवली पाहिजे, नाहीतर कार्यक्रम कसला, हे त्याचं म्हणणं.

‘येडा झालास काय?’ माहीम कोळीवाड्यातला त्याचा मित्र कल्पेश दर वेळी ओरडायचा. ‘कानात कापूस तरी घाल. आमच्या बोटीच्या इंजिनाने काकाचा कान गेला, आता हाक मारली तरी समजत नाय त्याला.’

चिंतामणी हसण्यावारी न्यायचा. बाकी जगाची चिंता करणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या कानाची चिंता करायचं कधी सुचलं नाही.

दिवाळीत ललिता आत्याने त्याला पकडलं. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. वीज कंपनीतल्या नोकरीतून निवृत्त झालेली, त्यांच्याच खोलीत राहणारी, आणि नाट्यसंगीताच्या कॅसेट अजून कपाटात साड्यांच्या वर ठेवणारी. दादरच्या एका हॉलमधल्या दिवाळी पहाटेचे दोन पास तिने रांगेत उभं राहून मिळवले होते.

‘वर्षभर ते ढँचॅक ऐकतोस, एक दिवस माझ्याबरोबर चल,’ ती म्हणाली. ‘कान धुऊन निघतील.’

अभ्यंगस्नान करून, नवा झब्बा घालून, अर्धवट झोपेत चिंतामणी पहाटे साडेपाचला हॉलच्या दारात उभा राहिला. तिथे दोन मुली येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर अत्तराचा कापूस ठेवत होत्या. आत्या जागेसाठी धावली आणि तिने पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या दोन खुर्च्या पटकावल्या, थेट स्पीकरखाली. बसता बसता तिने तो कापूस आपल्या कानाशी नेला. चिंतामणीने झोपाळू डोळ्यांनी ते पाहिलं, वरच्या स्पीकरकडे पाहिलं, आणि मनात म्हणाला, काय सोय आहे, दारातच कानात घालायला कापूस देतात. आमच्याकडे हे कधी सुचायचं? आणि त्याने आपला कापूस डाव्या कानात नीट बसवला.

गाणं मात्र त्याला आवडलं. मध्येच एका बाईंनी अशी काही तान घेतली की त्याची झोप उडाली आणि मागच्या रांगेतल्या आजोबांबरोबर त्यानेही ‘वन्स मोअर’ दिला. घरी येऊन फराळावर आडवा हात मारला, झोपला, उठला, कानात इअरफोन घातले आणि वहीत त्या बाईंची नोंद केली. कापूस तो साफ विसरला.

चार दिवसांनी लोअर परळला दुसऱ्याच एका बँडचा कार्यक्रम होता. नेहमीप्रमाणे डावीकडे, नेहमीप्रमाणे हात स्पीकरवर. दुसऱ्या दिवशी उठला तर कानात बारीक शिट्टी. ती संध्याकाळपर्यंत गेली. मग त्याने ‘गच्चीची किल्ली’ लावला. पहिलं गाणं, दुसरं गाणं, आणि तिसरं थेट गिटारवरच सुरू झालं.

‘घेऊ का’ आलंच नाही.

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. इअरफोनची अदलाबदल केली, तर ‘घेऊ का’ उजव्या कानात स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे इअरफोन ठीक होता आणि कान बिघडला होता. मग आपण सगळेच करतो ती चूक त्याने केली. फोनवर शोधत बसला. मोठ्या आवाजाने कानातली नस मरते, मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही, हे त्याने तीन ठिकाणी वाचलं आणि तिन्ही ठिकाणी पटलं.

पुढचे तीन आठवडे त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर घरातून ‘आम्ही म्हणत नव्हतो’ हेच ऐकायला मिळणार, आणि ते उजव्या कानाने ऐकू आलंच असतं. चालताना तो माणसं आपल्या उजवीकडे राहतील अशी बाजू बदलायचा. ऑफिसात डावीकडच्या टेबलावरची स्पृहा काही म्हणाली की नुसता हसायचा. ती नवरा आजारी असल्याचं सांगत होती तेव्हाही हसला, आणि त्यानंतर ती आठवडाभर बोलली नाही. रोज रात्री मात्र तो तिसरं गाणं लावून बघायचा. इअरफोन आणखी आत दाबायचा, म्हणजे काहीतरी येईल. काही यायचं नाही. वही उघडावीशीही वाटेना. अर्ध्या कानाने कसले नंबर लावायचे? सगळ्यात वाईट म्हणजे डिसेंबरात परळला, जुन्या गिरणीच्या आवारात, ‘पाणीपट्टी’चा कार्यक्रम होता. तिकीट फोनमध्ये होतं, आणि जायची हिंमत होत नव्हती.

एकाच गोष्टीचं त्याला कोडं होतं. झब्बा धुतला, उशीचा अभ्रा बदलला, तरी कूस बदलली की अत्तराचा मंद वास यायचा. त्याला वाटलं, आता नाकानेही दगा दिला.

आत्याने मात्र ओळखलं. एका सकाळी तो चहा पीत बसला असताना ती मुद्दाम त्याच्या डावीकडे उभी राहिली आणि जरा हळूच म्हणाली, ‘चिंत्या, तुझी ती वही मी रद्दीत दिली.’

चिंतामणी शांतपणे चहा पीत राहिला.

आत्या समोर येऊन बसली. ‘कधीपासून?’ तिने विचारलं.

त्याने आधी उडवून लावायचा प्रयत्न केला. मग सगळं बाहेर पडलं. स्पीकर, शिट्टी, मेलेली नस, आणि ते ‘घेऊ का’. तेवीस वर्षांचा बाप्या, पण बोलता बोलता डोळे भरून आले. ‘आत्या, मला दुसरं काय येतं? ना गाता येत, ना वाजवता. नुसतं ऐकता येतं. तेच गेलं.’

आत्याकडे बोलायला पुष्कळ होतं, गेल्या चार वर्षांचं साठलेलं. तिने त्यातलं एक अक्षर काढलं नाही. ‘आज सुट्टी टाक,’ ती म्हणाली. ‘दादरला जाऊ. डॉक्टरने बघितल्याशिवाय कानाचा बारावा घालू नको.’

कानाच्या डॉक्टर मृणालिनीबाई वयाने आत्याच्या आसपासच्या. त्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि स्टीलचा एक दोन टोकांचा चिमटा टेबलाच्या कडेवर आपटला. तो गुणगुणायला लागला.

‘पेटीवरची पांढरी एक,’ आत्या सवयीने पुटपुटली.

‘जवळपास,’ डॉक्टरबाई हसल्या आणि चिमट्याचा दांडा त्यांनी चिंतामणीच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. ‘कुठल्या बाजूला ऐकू येतंय?’

चिंतामणी गोंधळला. सूर डावीकडे वाजत होता. मेलेल्या कानात, आणि चांगला मोठ्याने. ‘डावीकडे,’ तो म्हणाला. ‘पण तसं कसं? मी चुकतोय का?’

‘चुकत नाही आहात. नस गेली असती तर तुम्हाला हा सूर उजवीकडे ऐकू आला असता. कान जागा आहे तुमचा. दारात काहीतरी अडकलंय, त्यामुळे बाहेरचं आत जात नाही, इतकंच.’

इतकंच. तीन आठवड्यांत कोणी त्याला इतका सुंदर शब्द ऐकवला नव्हता. डॉक्टरबाईंनी कानात दिवा घालून पाहिलं, ‘अरे वा’ म्हणाल्या, बारीक चिमटा घेतला आणि त्याला हलू नका म्हणून बजावलं. खरखर झाली, दुखलं, आणि कानातून काहीतरी ओढलं गेलं.

आधी आवाज आला. पंख्याचा, बाहेरच्या खोलीतल्या बाकाच्या करकरीचा, खाली रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा. सगळे आवाज एकदम डावीकडून आत आले आणि चिंतामणीने दचकून मान वळवली. मग वास आला. खोलीभर दिवाळी पसरली.

ट्रेमध्ये मळकट, पिवळा कापसाचा बोळा पडला होता. डॉक्टरबाईंनी वाकून वास घेतला. ‘खस?’

‘हिना,’ आत्या म्हणाली. मग तिने बोळ्याकडे पाहिलं आणि भाच्याकडे पाहिलं. ‘चिंत्या. दिवाळी पहाटेचा फाया?’

‘तूच घातलास ना कानात. मी बघितलं.’

‘मेल्या, मी कानाच्या वरच्या घडीत खोचला होता. असा, बाहेर. वासासाठी असतो तो. भोकात काय घातलास?’

‘मला वाटलं, आवाज लागू नये म्हणून देतात,’ चिंतामणी म्हणाला. ‘वर स्पीकर होता.’

डॉक्टरबाईंनी तोंडाला रुमाल लावला. आत्याने लावला नाही. ती इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. आणि चिंतामणी हसायला गेला तो रडायलाच लागला. पण हे रडणं वेगळं होतं. छातीवर कोणीतरी ठेवलेलं पोतं उतरवलं की माणूस जसा पहिला श्वास घेतो, तसं त्याला वाटत होतं. नंतर दोन्ही कानांची रीतसर तपासणी झाली आणि दोन्ही शाबूत निघाले. ‘आजवर नशीब होतं,’ डॉक्टरबाई कागद हातात देताना म्हणाल्या. ‘शिट्टी आली होती ना? ती सूचना समजा. यापुढे स्पीकरपासून लांब, आणि कानात घालायचे ते खरे प्लग. अत्तराशिवायचे.’

उतरताना जिन्यातच त्याने खिशातून इअरफोन काढले. आत्याने हातातून ओढून घेतले. ‘आज कानाला आराम. तीन आठवडे कळ काढलीस, अजून एक दिवस काढ.’ आश्चर्य म्हणजे त्याला काही वाटलं नाही. दादरच्या फुलबाजारातून चालताना तो मुद्दाम आत्याला आपल्या डाव्या बाजूला घेऊन चालला आणि ती जे जे बोलली, अगदी भाच्याच्या अकलेबद्दल बोलली तेसुद्धा, आनंदाने ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्पृहाची माफी मागितली.

‘परळला मी येते तुझ्याबरोबर,’ आत्याने जाहीर केलं होतं. ‘कानात काय घालतोस त्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं.’

कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाचा. कल्पेश गेटवर भेटला, त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याने हसून घ्यायचं तेवढं हसून घेतलं. गेटवरच्या मुलीने मनगटाला बांधायला कागदी पट्टी काढली तेव्हा आत्याने सवयीने हाताची मागची बाजू पुढे केली. मुलीने पट्टी बांधली. आत्याने हात नाकाशी नेऊन वास घेतला.

‘अत्तर नाही देत इथे,’ चिंतामणी म्हणाला.

‘गप रव,’ आत्या म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

या वेळी तो मागे उभा राहिला, आवाज सांभाळणाऱ्या माणसाच्या टेबलाशेजारी. कल्पेश उजवीकडे, आत्या डावीकडे. खिशात नव्या प्लगची डबी. पहिली दोन गाणी प्लग घालून ऐकली आणि त्याच्या लक्षात आलं, की ढोलकी इथूनही ऐकू येते, शिवाय गिटारची एकेक तार वेगळी कळते. चार वर्षं तो स्पीकरला हात लावून अर्धंच गाणं ऐकत होता.

दुसरं गाणं संपलं. दिवे मंद झाले. चिंतामणीने डाव्या कानातला प्लग काढला आणि उजव्या कानावर, प्लगवरूनच, तळहात घट्ट दाबला. त्याला खात्री करून घ्यायची होती, फक्त त्याच कानाने.

गायक माइकपाशी आला आणि त्या बसक्या आवाजात म्हणाला, ‘घेऊ का?’

आलं. डावीकडून, स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून. तो इतका सुखावला की ओरडायचंच विसरला. समोर हजारभर गळ्यांतून ‘घे’ उठलं आणि विरलं. मग त्याच डाव्या बाजूने, अगदी जवळून, ललिता आत्याचा आवाज आला. ‘घे रे बाबा,’ ती गायकाला म्हणत होती, ‘आमचं पोर केव्हाचं थांबलंय.’