अप्पांच्या फियाटचा पंखा

माझ्या काउंटरखाली एक डबा आहे. गाड्यांतून काढलेल्या वायरचे तुकडे मी त्यात टाकतो. कधीतरी लागतील म्हणून ठेवतो, लागत कधीच नाहीत. गॅरेजातल्या किश्श्यांचंही तसंच. टाकवत नाहीत, आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसलं की एकेक वर येतात.

मी बंडू. परभणीत जिंतूर रोडला कादर चाचांचं गॅरेज आहे, त्याच आवारात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. इंजिन चाचांचं, वायरिंग माझं, ही वीस वर्षांची वाटणी. माझ्या कामाची एक खूण आहे. जॉईंटला टेप गुंडाळली की शेवटचं टोक मी आत दुमडतो, म्हणजे पुढच्या वेळी सोलायला सोपं जातं. असं परभणीत दुसरं कुणी करत नाही. चाचा त्याला म्हणतात, "बंडू का दस्तखत."

हे सगळं नागनाथ यायच्या आधीचं, हे लक्षात ठेवा!

*

वालूरचे शिवलिंगअप्पा तुरीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाहीत असा माणूस. त्यांच्या वडिलांची जुनी फियाट एकदा पिंगळीच्या फाटकाजवळ जी थांबली ती थांबलीच. चाचांनी तिचं इंजिन काढलं आणि भंगारातल्या एका व्हॅनचं बसवलं.

नवं इंजिन बसलं, पण जुना पंखा त्याला बसेना. तो पट्ट्यावर फिरणारा होता, आता विजेवरचे पंखे लागणार होते. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "चाचा, एसी बी बसवा. माझी लेक मे महिन्यात लग्न लागल्यावर आज्याच्याच गाडीतून सासरी जाणार म्हणायलीय."

चाचांनी गाडीकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"अप्पा, दादाजी को जीन्स पहनाने का बोल रहे तुम!"

*

आमच्याकडे पंखा पास झाला की नाही हे मीटरवर ठरत नाही, कागदावर ठरतं. चाचा इंजिन चालू करायला लावतात आणि वर्तमानपत्राचं पान गाडीच्या पुढच्या जाळीवर धरून सोडून देतात. पंखा बाहेरची हवा आत ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहतं. गळून पडलं तर काम नापास. मग तुम्ही कितीही शिकलेले असा.

एकदा मी असाच एका जीपचा पंखा बसवला. पान चिकटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चाचा काही पास म्हणेनात. गिऱ्हाईक घाबरलं. मी पुढे जाऊन पाहतो तर चाचा चष्मा लावून पानावर वाकलेले.

"बंडू, पंखा बंद नक्को कर रे, अभी आधी खबर पढनी बाकी है!"

*

अप्पांच्या फियाटचा एसी आणि पंखे पहिल्यांदा मीच जोडले. आता खरं सांगायला हरकत नाही, घाई केली. वेगळी लाईन ओढायचा कंटाळा केला आणि हॉर्नच्या फ्यूजवरूनच पंख्यांना करंट दिला. दारात कागद चिकटला. चाचा म्हणाले, पास. मी पान खाल्लं.

अप्पा गाडी घेऊन ताडकळसच्या बाजाराला गेले. बाजारात हॉर्न दिल्याशिवाय गाडी पुढे सरकते का? हॉर्न दाबला की फ्यूज उडायचा. पंखे गप्प, हॉर्न गप्प, आणि एसीतून भट्टीसारखी हवा.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले, ते भर आवारात चार लोकांसमोर म्हणाले, "बंडू, तुझ्या एसीत गार बसायचं म्हंजे मुक्यानं जावं लागतंय. म्हशी काय माझं भस्म बघून बाजूला सरकत्यात का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण शेजारच्या शटरमध्ये उभा एक जण हसत नव्हता. तो पुढे आला आणि नम्रपणे म्हणाला, "अप्पा, मी बघू का?"

तोच नागनाथ.

*

नागनाथ ताडकळसचाच. पुण्यात काही वर्षं गाड्यांचे एसी करून परत आलेला. शेजारी दुकान टाकून त्याला महिनाही झाला नव्हता. हातात रबरी मोजे! प्रत्येक वायरला चिठ्ठी! पंखेही त्यानं भंगारातून दुसरे, मोठे आणले; त्यांच्यासाठी वेगळा रिले, वेगळा फ्यूज, बॅटरीपासून थेट जाड वायर. जे मी करायला हवं होतं ते सगळं तो करत होता, आणि करताना मला "बंडूदादा" म्हणत होता. ते जास्त लागायचं.

चाचा त्याच्या बाजूला स्टूल टाकून बसायला लागले. माझ्या दुकानाकडे पाठ करून! अप्पांनी तर जाहीर केलं, "ज्याच्या हातानं कागद चिकटंल, त्याच्याकडंच माझे तिन्ही टेम्पो."

म्हणजे लग्नाआधी फक्त गाडी गार होणार नव्हती. वीस वर्षांची वाटणीच मोडणार होती.

मी घरी जेवताना नागनाथवर बोलत बसायचो. त्याचे मोजे, त्याच्या चिठ्ठ्या, त्याचा पडद्याचा मीटर. बायको आठवडाभर ऐकत होती. एके दिवशी तिनं भाजी वाढता वाढता विचारलं, "आपला मिक्सर दोन महिन्यांपासून बंद पडलाय. त्यांला दाखवू का?"

त्या दिवशी मी ताक न घेताच उठलो.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

नागनाथचं काम पुरं झालं, पण फियाटची बॅटरी माझ्याकडे चार्जिंगला होती. त्यामुळे पंखे फिरवून बघायचे राहिले होते. अप्पा चार वाजता येणार होते. नागनाथ दुपारी जेवायला घरी गेला. आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं. एक जीप तेवढी आठ दिवसांपासून गिअरबॉक्ससाठी जॅकवर उभी होती.

मी फियाटचं बॉनेट उघडलं. दोन्ही पंख्यांची वायर एका जॉईंटला येत होती. तेवढ्या दोन वायरी अदलाबदल केल्या की पंखे उलटे फिरणार. हवा आत ओढायच्या ऐवजी इंजिनची गरम हवा बाहेर फेकणार आणि कागद उडून जाणार. गाडीला इजा नाही, फक्त नागनाथचं नाक कापलं जाणार. संध्याकाळी मीच "अरेरे" म्हणून सरळ करून देणार होतो. एवढा मी चांगला माणूस!

काम दोन मिनिटांत झालं. टेप गुंडाळली, बॉनेट लावलं, दुकानात येऊन पाणी प्यायलो.

चार वाजता अप्पा आले. सोबत लेक आली होती, आणि पिशवीत शाल-नारळ. मी स्वतः बॅटरी नेऊन बसवली. चाचांनी पान उघडलं. नागनाथनं एसी चालू केला. पंखे घुरघुरले. मी पडलेला कागद उचलायला म्हणून वाकायच्या तयारीत उभा होतो.

चाचांनी हात सोडला. पान थाडकन जाळीला चिकटलं!

लेक गाडीत बसली होती, ती आतून ओरडली, "अप्पा, लय गार येतंय!" अप्पा "शिवा शिवा" म्हणाले आणि त्यांनी शाल नागनाथच्या खांद्यावर टाकली. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. छातीत आग पडली होती. माझा हातसुद्धा मला फितूर झाला, असं वाटलं.

नागनाथ अप्पांना वायरिंग दाखवायला बॉनेटवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्यानं जॉईंटवरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. माझे पाय गार पडले, एसीची गरज राहिली नाही.

त्यानं खांद्यावरची शाल काढली.

"अप्पा, ही माझी न्हाई. भंगारातल्या पंख्यांच्या वायरीचे रंग उलटे असत्यात, मी रंगाला रंग जोडून मोकळा झालो. पंखे उलटे फिरले असते. माझी प्लसची चिठ्ठी लावलेली वायर आता दुसऱ्या बाजूला हाय. आन् हे बघा, टेपचं टोक आत दुमडलंय." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "बंडूदादानं माझी चूक गुपचूप सुधारली. बोलले बी न्हाईत. माझी लाज राखली."

अप्पांनी दोन्ही हातांनी ती शाल माझ्या अंगावर घातली. म्हणाले, "बंडू, मी तुला वळखलंच न्हाई रे. टेम्पो तुमी दोघं मिळून बघा." लेक गाडीतून उतरून माझ्या पाया पडली. नागनाथनं मोजे काढले आणि माझा हात हातात घेतला.

आवारात टाळ्या सुरू झाल्या. चाचाही वाजवत होते. वाजवत वाजवत ते माझ्याजवळ आले, शालीची घडी नीट केली आणि कानाशी तोंड आणून म्हणाले,

"बंडू, दोपहर कू मैं जीप के नीचेच लेटा था."